मधू, बेसचा आवाज आता माझ्या हातात आहे

मधू,

बेसचं इनपुट आलं. तू गेल्यावर आलं, हे तुझ्या स्वभावाला धरूनच झालं. ज्या भांडणात आपण हरणार असं दिसायचं, त्यातून तू चहा मागवून उठायचास. या वेळी चहासुद्धा न मागवता उठलास.

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी तुझ्याबद्दल बोलत नाही, तुझ्याशी बोलतोय, तेव्हा तो नियम मला लागू होत नाही. शिवाय चांगलं बोलायला माणसं पुष्कळ जमली आहेत. आपल्या गोंदियाकडच्या गोरेगावात, बसस्टँडसमोर तुझा फ्लेक्स लागलाय. 'स्वरसम्राट' असं लिहिलंय त्यावर. तुझा फोटो वरच्या कोपऱ्यात, आणि खाली शोकाकुल म्हणून तालुक्यातले इतके हसरे चेहरे, की परगावच्या माणसाला नेमकं कोण गेलं ते विचारावं लागेल. त्यातल्या एकानेही तुझा कार्यक्रम कधी शेवटपर्यंत ऐकलेला नाही. मी सगळे ऐकले. तुझ्या डाव्या हाताला, जरा मागे उभा राहून.

दिवाळी झाली की गावोगाव मंडईची जत्रा भरायची आणि आपली पार्टी निघायची. ऑर्केस्ट्रा तुझा, त्याचं नाव तुझ्या नावावरून, गाणारा तू, कीबोर्ड तुझा, आणि मिक्सर तुझ्या उजव्या हाताशी, म्हणजे कोणाचा आवाज किती ते ठरवणाराही तूच. बाकी वर्षभर तू खत-बियाण्यांच्या दुकानात बसायचास, तिथेही वजनकाटा स्वतःच धरायचास. मी शाळेत इतिहास शिकवायचो आणि तुझ्या पार्टीत बेस गिटार वाजवायचो. राजे-महाराजांच्या कारभाराबद्दल पुस्तकातून जे कळलं नाही, ते मला तुझ्या मिक्सरकडे बघून कळलं.

आता त्या इनपुटचं सांगतो, कारण ते ऐकायला तू थांबला नाहीस.

मी रिटायर झाल्यावर तो डबा मागवला. गिटार आणि लॅपटॉपच्या मधे लावायचा डबा, ज्यातून वाजवलेलं रेकॉर्ड होतं. मागच्या खोलीत धानाची पोती रचलेली असतात, त्यामुळे तिथे आवाज घुमत नाही. शहरातली मुलं भिंतीला स्पंज चिकटवतात तसलाच उपयोग. तुझं स्वतःचं गाणं, तू एकदाच लिहिलेलं आणि जन्मभर गायलेलं, ते यंदाच्या मंडईआधी नीट रेकॉर्ड करायचं ठरलं. शेतावर बांधाशी उभा राहून कोणाची तरी वाट पाहणाऱ्या माणसाचं गाणं. आधी तू कीबोर्डचा तयार ठेका वेगळा भरून त्यावर गायलास. तुझ्या आवाजाचे स्क्रीनवर डोंगर उमटले. मग मी बेस जोडला. मुंगी चालत गेल्यासारखी एक रेघ उमटली.

डब्यावरचं आवाज वाढवायचं गेनचं बटण मी शेवटापर्यंत फिरवलं. रेघ जाड झाली, पण तिच्याबरोबर सूं असा आवाज आला, जणू मागे कोणीतरी सतत भजी तळतंय. रेकॉर्ड झाल्यावर लॅपटॉपमध्ये वाढवून पाहिलं, तर बेसबरोबर कूलर वाढला, शेजाऱ्यांची मोटार वाढली, आणि एका जागी तुझं खोकणंही वाढलं. केबल बदलली. गिटारातला सेल बदलला. तारा बदलल्या. गिटार पाठीला लावून गोंदियाला गेलो, तिथल्या दुकानदाराने गिटार हातात न घेताच निदान केलं, "मास्टरजी, पिकअप कमजोर हो गया, नया ले लो." परदेशातल्या पोरांचे व्हिडिओ पाहिले. ती पोरं अतिशय प्रसन्न चेहऱ्याने सांगत होती की गिटार 'लाइन'मध्ये नको, 'इन्स्ट्रुमेंट'मध्ये लावा. मी तिथेच लावली होती.

आणि तू पोत्याला टेकून बसायचास.

"हात हलका आहे तुझा, मास्तर. जिंदगीभर खडू धरला. जोरात दाबला तर मोडंल, हे मनात बसून राहिलं तुझ्या."

"मग इतकी वर्षं मंडईत कसा ऐकू यायचा?"

"कोनाले ऐकू आला?"

तू हे हसत म्हणालास. मी केबल गुंडाळत होतो, म्हणून गिटारपासून तुझं डोकं वाचलं.

वर तुझं ते ठरलेलं वाक्य, "बेस ऐकाचा नसते मास्तर, जाणवाचा असते." तुझी शहाणपणाची वाक्यं नेहमी दुसऱ्याचा आवाज कमी करण्याच्या कामी यायची, हे मी तेव्हाही म्हणालो होतो. मग तूच ते रेकॉर्डिंग पुन्हा लावायचास, कपाळाला आठ्या घालून ऐकायचास आणि मलाच विचारायचास, "मजा नाही येऊन राहिली. गाण्यात भार नाही. काऊन?"

काऊन ते मला आता कळलंय. पण त्याआधी इटियाडोह धरणाच्या कालव्याकाठचं ते गाव. तू ते विसरल्याचं नाटक करायचास, म्हणून मीच आठवण देतो.

मंडईची संध्याकाळ होती. माणसं बसायला जागा नव्हती म्हणून बैलबंड्यांवर चढली होती. दुसरंच गाणं चालू होतं आणि जनरेटरची मशीन बंद पडली. लाइट गेले, स्पीकर गेले, माइक गेला. लोक ओरडायला लागले, मागून मातीची ढेकळं यायला लागली. तू स्टेजच्या कडेला गेलास, दोन्ही हात वर केलेस आणि बिनमाइकचा ओरडलास, "मंडळी, आमच्या मास्तरच्या गिटारानं मशीन खाल्ली!"

सगळी मंडई हसली. ढेकळं थांबली. तू प्रसंग सांभाळलास, असं सगळ्यांनी तुला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या टपरीवर जनरेटरवाला भेटला. तो म्हणाला, "डिझेल संपला होता जी. मधूभाऊले आधीच सांगतलो होतो."

तू ऐकत होतास. तू बशीत चहा ओतलास.

शाळेत माझं नाव 'मशीनखाऊ' पडलं. इंग्रजांनी रेल्वे कशासाठी आणली असं वर्गात विचारलं की मागच्या बाकावरून उत्तर यायचं, "मास्तरले खायले!" त्या पोरांची पोरंही पुढे माझ्या वर्गात आली आणि नाव घरूनच शिकून आली. आणि तू? पुढच्याच कार्यक्रमात मिक्सरवरच्या माझ्या बटणावर पांढरी चिकटपट्टी लावलीस, आवाज अर्ध्याच्याही खाली ठेवून. पट्टीचं एक टोक दुमडलेलं, नखाने सहज उचलता यावं म्हणून. दुकानात बियाण्याच्या फोडलेल्या पिशव्या तू तशाच बंद करायचास. कोणी विचारलं, ही पट्टी कायले, तर तू माझ्याकडे बोट दाखवायचास. डिझेलचं तू एकदाही, एकाही माणसाला सांगितलं नाहीस. मी सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, मास्तर मशीन खाऊन वर डिझेलवर ढकलून राहिला.

एवढं असून मी पार्टी का सोडली नाही, असं बायको विचारायची. याचं उत्तर तुला आवडेल म्हणून मी देणार नव्हतो. पण देतो. गावात कोणालाच नको असलेलं वाद्य तू नागपूरहून जुनं विकत आणलंस आणि शाळेच्या फाटकाशी उभा राहून माझ्या गळ्यात घातलंस. "मास्तर, तुले गाता येत नाही, नाचता येत नाही. हे घे." माझ्याबद्दल इतकं अचूक मत दुसऱ्या कोणी दिलेलं नाही. आणि बायको गोंदियाच्या दवाखान्यात होती, तेव्हा तू रोज दुपारी दुकान बंद करून वहिनींनी दिलेला डबा घेऊन यायचास आणि मी जेवेपर्यंत माझ्या बेसची निंदा करायचास. कुठल्या गाण्यात कुठे चुकलो, बोटं कशी भोपळ्यासारखी आहेत, सगळं. ती गेली त्या दिवशीही तू डबा आणला होतास. तुझ्याशी भांडण्यात मला कोसळायला सवड मिळाली नाही. त्याचे आभार मानायचे राहिले. आजही मानत नाही, तशी माझी मनःस्थिती नाही.

मनःस्थिती का नाही, ते ऐक.

तुझी श्रद्धांजली सभा ठरली. वक्ते ठरले, शाली कोणी कोणाला घालायच्या ते ठरलं. श्रद्धांजलीत शाली कशासाठी, असं मी विचारलं, तर समितीने माझ्याकडे दयेने पाहिलं. वहिनींना मात्र कोणी काही विचारलं नव्हतं. मी भेटायला गेलो तेव्हा त्या ओसरीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. तू गेल्यापासून त्या रडल्या नाहीत, हसल्या नाहीत, हो-नाही एवढंच बोलतात, असं तुझी सून सांगत होती.

त्या म्हणाल्या, "भाऊजी, भाषनं त होतीलच. त्यायचं ते गानं लावा. तुमच्या घरी भरलं होतं ते."

"ते अर्धवट आहे, वहिनी. बेस नीट आलेला नाही."

"मग आना नीट. आता कोन अडवून राहिला?"

घरी आलो. निदान तो रेकॉर्डिंगचा डबा तरी पुसावा म्हणून फळीवरून उचलला. त्याची पाठ कायम भिंतीकडे असायची. मागून फडकं फिरवताना काहीतरी अडकलं. डबा उलटा केला.

मागे एक लहान बटण होतं, आत दाबलेलं. त्यावर पांढरी चिकटपट्टी. एक टोक दुमडलेलं.

मधू, त्या बटणाला पॅड म्हणतात. आत येणारा आवाज फारच मोठा असेल तर तो दारातच कमी करायला ते असतं. डब्याबरोबर आलेल्या पुस्तिकेत पहिल्या काही पानांतच लिहिलंय. म्हणजे मी चहा करायला आत गेलो होतो तेव्हा तू पुस्तिका वाचलीस, जन्मात पहिल्यांदा काहीतरी वाचलंस, डबा फिरवलास, बेसच्या बाजूचं बटण शोधलंस, दाबलंस, आणि खिशातली पट्टी काढून लावलीस. मग पोत्याला टेकून बसलास आणि मला म्हणालास, हात हलका आहे.

मी तुला एक शिवी दिली. खोलीत पोती होती म्हणून ती घुमली नाही.

पट्टी काढली. बटण टक् करून बाहेर आलं. गेन खाली आणून मी सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली. स्क्रीनवर डोंगर उमटला. तुझ्यापेक्षा मोठा. लाल दिवा लागला, मला गेन आणखी कमी करावा लागला. आयुष्यात पहिल्यांदा माझा आवाज मी स्वतः कमी केला, तोही जास्त होतोय म्हणून.

मग मी शांतपणे सुडाची तयारी केली.

तुझं एक गुपित आहे, ते फक्त मला माहीत आहे. तू उशिरा येतोस. प्रत्येक ओळीला. आधी श्वास घ्यायचास, मग समोरच्या लोकांकडे पाहून हसायचास, आणि मग गायचास, तोवर ठेका पुढे निघून गेलेला असायचा. इतकी वर्षं कोणाला कळलं नाही, कारण तुझं हसणं संपेपर्यंत मी खाली दोन-चार सूर जास्तीचे वाजवून जागा भरून काढायचो. मी थांबायचो, म्हणून तू वेळेवर आल्यासारखा वाटायचास. लोकांना माझा बेस ऐकू यायचा नाही, पण माझ्यामागचा स्पीकरवाला छोटा अॅम्प तुला नीट ऐकू यायचा. लोकांपुरता तू मला बंद केलास आणि स्वतःपुरता चालू ठेवलास. गाण्यात वाट तू पाहायचास, स्टेजवर मी.

घरी तू एकटा ठेक्यावर गायला होतास, खाली मी नव्हतो. म्हणून गाण्यात भार नव्हता, काऊन काऊन करत होतास ते हेच.

मी ठरवलं, आता थांबायचं नाही. ठेक्याबरोबर घड्याळासारखं वाजवायचं, मोठ्या आवाजात. तू प्रत्येक ओळीला मागे राहिलेला सगळ्या तालुक्याला ऐकू येईल, शालीसकट. रेकॉर्ड लावलं. पहिली ओळ आली. तू श्वास घेतलास. आणि माझा हात थांबला.

पुन्हा लावलं. पुन्हा थांबला. मी हाताकडे पाहिलं. हलका म्हणे. दगडासारखा जड होता, तुझं हसणं संपेपर्यंत हलायला तयार नव्हता. शेवटी चिडून पूर्ण गाणं तसंच थांबत-थांबत वाजवलं आणि जपून ठेवलं. मग तुझा आवाज बंद केला, नुसता ठेका ऐकत, भिंतीकडे तोंड करून वाजवलं. तेव्हा कुठे सरळ आलं. दोन्ही घेऊन सभेला गेलो. कुठलं लावायचं ते ठरलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, ठरलं होतं: सरळवालं.

मंगल कार्यालय भरलं होतं. वहिनी पुढच्या रांगेत, डोक्यावर पदर, नजर फोटोवरही नाही, जमिनीवर. लॅपटॉप माझ्यापुढे, स्पीकरचा मिक्सरही माझ्याच हाताशी. तुझ्या जागी बसल्यासारखं वाटलं, आणि वाईट वाटलं नाही. वहिनींकडे पाहिलं आणि बोट दुसऱ्यावर गेलं. थांबत-थांबत वाजवलेलं लावलं.

चांगलं वाजलं, मधू. तू इतका चांगला कधी गायला नाहीस. बेस खालून असा उचलून धरत होता की तुझ्या आवाजाला अंग आलं. आता तरी कोणीतरी विचारेल, हे खालून कोण वाजवतंय. गाणं संपलं. अध्यक्ष उठले. फ्लेक्सवर सर्वांत मोठा फोटो यांचा. त्यांनी शाल सावरली, माइक जवळ घेतला.

"लय! लय काय असते हे मधुकररावांकडून शिकावं! कोणाचा आधार नाही, कोणाची वाट पाहणं नाही! असा वक्तशीर गायक या मातीत पुन्हा होणे नाही!"

टाळ्या पडल्या. मागून कोणीतरी ओरडलं, "वन्स मोअर!"

वक्तशीर, मधू. तू.

मी सरळवालं लावलं.

पहिल्याच ओळीला कळलं सगळ्यांना. ठेका गेला, त्याच्याबरोबर बेस गेला, ठणठणीत, आणि मागून तू, सुटलेल्या एसटीमागे पिशवी सांभाळत धावणाऱ्या माणसासारखा. दुसऱ्या ओळीला तेच. तिसऱ्या ओळीला एसटी वळणावर दिसेनाशी झाली. लोक एकमेकांकडे पाहायला लागले. आपल्या पार्टीतल्या ढोलकीवाल्याने खाली मान घातली. वहिनींनी पदर तोंडावर घेतला, त्यांचे खांदे हलायला लागले, आणि मला वाटलं, हे काय केलं मी. हात बटणाकडे गेला.

त्यांनी तोंडावरचा पदर काढला. त्या हसत होत्या. डोळ्यांतून पाणी, आणि खदखदून हसू.

"असेच! असेच होते जी हे! लग्नात बामन अंतरपाट धरून उभा, मामा मले घेऊन उभा, अन् हे आरशापुढं फेटा बांधून राहिले! मुहूर्त गेला, भाऊजी, तरी येऊन म्हनतात, सुरू करा, कोनाची वाट पाहून राहिले!"

बायका हसल्या. मग पुरुष हसले. तुझा मुलगा, जो आल्यागेल्याचे पाय धरत गंभीर उभा होता, तो खुर्चीवर बसून हसला.

मग वहिनींनी डोळे पुसले आणि सगळ्यांसमोर विचारलं, "पन मंडईत त बरोबर येत जी हे. ते कसे?"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. स्पीकरमधून तू अजून माझ्या गिटारच्या पार मागे कुठेतरी गात होतास.

"मी थांबत होतो, वहिनी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "इतके वर्सं?"

मी मान हलवली.

"अन् यायनं कोनालेच नाही सांगतलं?"

"नाही."

"लबाड," त्या फोटोकडे पाहून म्हणाल्या. त्या सभेत तुझ्याबद्दल बोलला गेलेला तेवढाच एक खरा शब्द. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बंद नका करू जी. पुन्हा पहिल्यापासून लावा."

मी लावलं. अध्यक्षांनी हात वर करून थांबायची खूण केली, हे श्रद्धांजलीला शोभत नाही अशा अर्थाचा चेहरा केला. मिक्सरवर बेसचं बटण कुठलं ते मला शोधावं लागलं नाही.

मी वाढवलं, मधू.